शहापूर गाव की शहर? ऐरोलीच्या ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, तुम्ही ऐरोलीत शिक्षिका आहात, माहेर ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरचं. भावाला नगरपंचायतीची घरपट्टीची नवी नोटीस आली आणि घरात वाद सुरू झाला. वडील म्हणतात, हे आमचं गाव, शहराचा कर कसला? भाऊ म्हणतो, आता आपण शहरवाले. तुम्ही विचारलंत की शहापूर नेमकं गाव की शहर, लोकसंख्या किती, कारभार कुणाच्या हातात आणि शहर होऊन मिळालं काय. छोट्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या कारभारात माझी नोकरी गेली. शेवटची काही वर्षं मुख्याधिकारी होतो, आता ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून उत्तर लांबेल.

वडील आणि भाऊ दोघंही बरोबर आहेत, कारण शहापूर नावाची हद्द एक नाही. तलाठ्याच्या दप्तरात शहापूर हे महसुली गाव आहे. त्याचे सातबारे आहेत, गावठाण आहे, शिवार आहे. जनगणनेच्या दप्तरात नगरपंचायत किंवा नगरपरिषद असलेलं ठिकाण आपोआप शहरी धरतात; बाकीचं ठिकाण गावाचं आहे की शहरी, हे तिच्या स्वतःच्या कसोटीवर ठरतं: किमान ५,००० लोक, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. या कसोट्यांना उतरलेलं ठिकाण ग्रामपंचायत असलं तरी जनगणना त्याला शहर म्हणते. तिसरी हद्द नगरपंचायतीची, ती राज्य सरकारच्या अधिसूचनेने ठरते. लोकांच्या तोंडी आणखी एक शहापूर आहे, तो म्हणजे अख्खा तालुका. कसारा लोकलमधला माणूस खर्डीचा असो वा वासिंदचा, ‘मी शहापूरचा’ म्हणतो आणि ते खोटं नसतं.

म्हणून कुणी लोकसंख्या सांगितली की मी आधी विचारतो, कुठल्या हद्दीची? २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या ३,१४,१०३ होती. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्याची, त्याच जनगणनेनुसार, ८०,७०,०३२. म्हणजे क्षेत्रफळाने जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या तालुक्यात जिल्ह्यातली चार टक्केही माणसं नव्हती. याच जिल्ह्यात सहा महानगरपालिका आहेत: ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, भिवंडी-निजामपूर, उल्हासनगर, मीरा-भाईंदर. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या दोन नगरपरिषदा. आणि शहापूर व मुरबाड या दोन नगरपंचायती. जिल्ह्याच्या बैठकीत सगळे एकाच टेबलाला बसतात, पण महापालिकेचा एखादा प्रभागही या नगरपंचायतींपेक्षा मोठा भरतो. शहापूरचा आवाज त्या टेबलावर का दबतो, हे कळायला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

२०११ चे आकडे आता जुने झाले. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाने होते आहे. आकड्यांबद्दल माझी एक जुनी खंत इथे सांगून ठेवतो. आपली मुख्य गणना फेब्रुवारीत होते. शहापूर तालुक्यातली कित्येक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर पाडा सोडतात आणि भिवंडी-कल्याणच्या बाजूला वीटभट्टीवर मुलाबाळांसह राहतात. पावसाच्या तोंडावर परत येतात. गणनेच्या दिवसांत पाड्यावर म्हातारी माणसं आणि कुलूप लावलेल्या झोपड्या असतात. भट्टीवर प्रगणक, म्हणजे माणसं मोजणारा, पोचला तर ती माणसं तिथे मोजली जातात, नाही पोचला तर कुठेच नाही. मग शाळेची खोली, रेशनचा कोटा, हातपंप यांचे हिशेब त्या अपुऱ्या आकड्यावर बेततात. २०२७ च्या गणनेत शिक्षक म्हणून तुम्हाला प्रगणकाचं काम आलं आणि वस्ती नेमून मिळाली, तर भट्ट्या सोडू नका. ही विनंती मी भेटेल त्या प्रत्येक शिक्षकाला करतो.

आता भूगोल. पश्चिमेला भिवंडीकडचा सखल भाग, पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि कसारा घाट, मध्ये चढत जाणारा डोंगराळ पट्टा, असा हा तालुका आहे. आसनगावहून वर बघितलं की माहुलीचे सुळके दिसतात. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची शेवटची झुंज या माहुलीवरूनच दिली. भातसा, तानसा आणि वैतरणा या तालुक्याच्या मोठ्या नद्या. शहरातून मात्र भारंगी वाहते. उन्हाळ्यात तिच्याकडे कुणी वळून बघत नाही, पण जुलै २०२४ च्या पुरात तिने काठची घरं आणि गाड्या पाण्यात घेतल्या. नदीपात्रालगतच्या बांधकामांचा विषय कुठल्याही छोट्या शहरात नाजूक असतो, कारण बांधणारा आणि परवानगी देणारा एकमेकांना नावाने ओळखतात.

पाऊस भरपूर, चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. तरी मार्चपासून पाड्यांवर टँकर धावतात. लोक याला नशीब म्हणतात, पण कारण जमिनीत आहे. खाली काळा बसाल्ट, त्यावर मातीचा पातळ थर, आणि उतार तीव्र. पाणी मुरायला जागा मिळत नाही, ते ओढ्याने नदीत आणि नदीने खाडीत जातं. विहीर लागते ती खडकाच्या भेगांत साठलेल्या पाण्यावर, आणि त्या भेगा होळीपर्यंत रित्या होतात. एवढा पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाणी टिकवायचं तर ते अडवावंच लागतं.

आणि ते अडवलं आहे, पण दुसऱ्यांसाठी. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा मिळून उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातला ७,१७,०३७ एकट्या भातशाचा, १,४५,०८० तानसाचा. बेरीज करून बघा, मुंबईच्या साठ्याचा सुमारे साठ टक्के हिस्सा या एका तालुक्यातल्या दोन जलाशयांत आहे. तानसा धरण १८९२ चं, मुंबई महापालिकेचं. भातसा राज्याच्या जलसंपदा विभागाचं. भातशाचं पाणी नदीपात्रातून भिवंडी तालुक्यातल्या पिसे इथे जातं, तिथून उचलून पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईकडे निघतं. वाटेत ते ज्यांच्या शिवारातून वाहतं, त्यातल्या काही पाड्यांवरच्या बायका मे महिन्यात झऱ्यात वाटीने पाणी भरतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि अजून विसरता येत नाही.

तुम्ही नवी मुंबईत राहता म्हणून एक तुलना करतो. तुमच्या महापालिकेने खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण विकत घेतलं आणि स्वतःच्या मालकीच्या धरणाचं शहर अशी ओळख मिळवली. पैसा, अभियंते आणि राजकीय वजन या तिन्ही गोष्टी तिच्याकडे होत्या. शहापूरच्या उंबऱ्यावर त्याहून कितीतरी मोठा जलाशय आहे, पण त्या जलाशयाच्या कागदांत शहापूरची नगरपंचायत मालक नाही. पाणी मागायला तिला दुसऱ्या खात्याच्या दारात अर्ज घेऊन उभं राहावं लागतं. इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून गुरुत्वाकर्षणाने तालुक्यातल्या गावपाड्यांना पाणी आणायची योजना याच दुखण्यातून आली. पाणी जवळ असणं वेगळं आणि पाण्यावर हक्क असणं वेगळं. छोट्या शहराचं सगळं राजकारण या फरकात अडकलेलं असतं.

कारभाराकडे येतो. महाराष्ट्रातल्या नगरपंचायती १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाने चालतात. नगरपंचायत ही कल्पना मात्र १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीतली, गावाकडून शहराकडे संक्रमण करणाऱ्या भागासाठी. साधारण निकष १०,००० ते २५,००० लोकसंख्येचा आणि काही प्रमाणात बिगरशेती रोजगाराचा. त्याच्या वरची क वर्ग नगरपरिषद २५,००० ते ४०,००० ची, ब वर्ग एक लाखापर्यंत, अ वर्ग त्यापुढची. २०१४ मध्ये राज्याने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना सरसकट नगरपंचायत करायचं ठरवलं. शहापूर आणि मुरबाड त्याच लाटेतले. म्हणजे गाव वाढत वाढत शहर झालं, असं कुणी ठरवलं नाही. तहसील कचेरी तिथे होती, म्हणून ते शहर झालं. वडिलांच्या मनातली अढी इथली आहे, आणि ती अनाठायी नाही.

नगरपंचायतीत १७ प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक. निम्म्या जागा महिलांना. शिवाय दोन स्वीकृत, म्हणजे निवडणुकीशिवाय नेमलेले, सदस्य, त्यांना बोलता येतं पण मत नसतं. मुदत पाच वर्षांची. शहापूरची मागची निवडणूक दोन हप्त्यांत झाली, २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२, कारण सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणाला स्थगिती दिल्यावर त्या जागा खुल्या करून नंतर मतदान घ्यावं लागलं. त्या वेळी नगराध्यक्ष नगरसेवकांनी आपल्यातून निवडायचा होता. २०२२ मध्ये कायदा बदलला, यापुढे तो थेट लोकांनी निवडायचा. हा नियम गेल्या पंचवीस वर्षांत इतक्या वेळा उलटसुलट झाला आहे की कुणाही सरकारला तो मनापासून पटलेला दिसत नाही. माझं मत थेट निवडणुकीच्या बाजूने आहे. अप्रत्यक्ष पद्धतीत नऊ नगरसेवक एका सहलीला गेले की शहराचं वर्ष वाया जातं.

नगराध्यक्ष सभा चालवतो, पण तिजोरीच्या किल्ल्या, परवानग्या आणि कर्मचारी मुख्याधिकाऱ्याकडे. तो राज्य सरकारचा माणूस, बदलीचा. छोट्या जागी त्याच्याकडे अनेकदा दुसऱ्या गावाचाही कार्यभार असतो, मग आठवड्याचे तीन दिवस इथे, दोन दिवस तिथे. लोकांना वाटतं साहेब कधी जागेवर नसतात. मीही तसा ‘जागेवर नसलेला साहेब’ राहिलो आहे, आणि ते लोकांवर अन्याय करणारं होतं असं आज स्पष्ट म्हणतो. मुख्याधिकाऱ्याच्या वर जिल्हाधिकारी कार्यालयातली नगरपालिका प्रशासन शाखा, त्याच्या वर नगरपरिषद प्रशासन संचालनालय. हे संचालनालय तुमच्याच बेलापूरला आहे. शहापूरच्या फायली कशा अडतात याची चौकशी करायला तुम्हाला मंत्रालयात जायची गरज नाही.

शहर झाल्यावर सुटतं ते जिल्हा परिषदेचं नातं. नगरपंचायतीच्या हद्दीतला मतदार जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या सदस्याला मत देत नाही. केंद्राच्या ग्रामीण योजना, ग्रामीण घरकुल असो की ग्रामीण रोजगाराचं काम, हद्दीबाहेर राहतात. घरकुल मिळतं ते शहरी योजनेतून आणि त्याचे कागद वेगळे. ग्रामसभाही संपते. वर्षातून किमान चार वेळा सरपंचाला समोर बसवून हिशेब विचारायची जागा गेली की म्हाताऱ्या माणसांना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. नगरपंचायतीच्या सभेत बोलतो नगरसेवक, मतदाराला त्याच्यामार्फत जावं लागतं.

शहापूरच्या बाबतीत याला एक खोल पदर आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने शहापूर हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्र, म्हणजे आदिवासींसाठी राज्यघटनेने खास संरक्षण दिलेला भाग, आहे. मुरबाडची काही गावंच त्यात आहेत, शहापूर मात्र अख्खा. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठी १९९६ मध्ये पेसा कायदा झाला, त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या इतर वस्तू), गावातला पाणवठा, जमिनीचं हस्तांतरण यांवर ग्रामसभेला बोलायचा अधिकार मिळाला. नगरपालिका-नगरपंचायतींबद्दलचा अध्याय मात्र राज्यघटना अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू करत नाही. संसदेने त्यासाठी वेगळा कायदा करावा अशी तरतूद आहे, आणि तो कायदा अजून झालेला नाही. राज्याच्या स्वतःच्या अधिनियमावर अशा नगरपंचायती उभ्या आहेत. पण विचार करा, ज्या दिवशी हद्दीतला एखादा ठाकर किंवा वारली पाडा शहरात मोडला, त्या दिवशी त्याची पेसा ग्रामसभा गेली आणि तिच्या जागी तसं काहीही आलं नाही. माणसं तीच, झाडं तीच, पाणवठा तोच. अधिकार फक्त कागद बदलल्याने गेला. शहरीकरणाच्या चर्चेत हा मुद्दा मी फार थोड्यांच्या तोंडी ऐकला आहे.

मिळतं काय, तेही सांगतो, नाहीतर वडिलांची बाजू घेतल्यासारखं होईल. नगरपंचायत स्वतः नियोजन प्राधिकरण होते. विकास आराखडा करता येतो, त्यात बाजार, शाळा, मैदान, वाहनतळ यांच्या जागा राखता येतात. बांधकाम परवानगीला डिसेंबर २०२० पासूनची राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागते. रस्ते, गटारं, दिवे यांसाठी राज्याची नगरोत्थान योजना, वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान, जिल्हा नियोजनचा नागरी हिस्सा अशी नवी खाती उघडतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तोही या तालुक्यातून जातो. त्यामुळे जमिनीला मागणी वाढणार, चाळींच्या जागी इमारती येणार. अशा वेळी आराखडा हातात असलेली संस्था हवीच. ग्रामपंचायतीच्या ताकदीबाहेरचं काम आहे ते.

अडचण अशी की वाढ होते आहे ती बरीचशी हद्दीबाहेर. रेल्वेचं स्टेशन शहापूरचं नाही, आसनगावचं आहे, तीनेक किलोमीटरवर, आणि आसनगाव वेगळी ग्रामपंचायत. ठाण्याला, घाटकोपरला नोकरीला जाणारा चाकरमानी स्टेशनजवळ घर घेतो, बाजाराला आणि कचेरीला शहापुरात येतो. त्याची घरपट्टी आसनगावला, त्याच्या रिक्षांची गर्दी शहापूरच्या रस्त्यावर. कचरा कुणाचा यावरून दोन्हीकडे कुरबूर चालते. सगळी शहरी वस्ती एका कारभाराखाली आणा असं म्हणणं सोपं आहे, पण वर सांगितलेला पेसाचा प्रश्न सोडवल्याशिवाय हद्दवाढ करू नये, असं माझं ठाम मत आहे.

माझा एक अनुभव सांगतो, कारण तुमच्या भावाला तो उपयोगी पडेल. मी एका दुसऱ्या ठिकाणी असताना तिथली ग्रामपंचायत नगरपंचायत झाली. दप्तराचा ताबा दोन दिवसांत उरकला. पत्र्याच्या पेट्या, बांधलेले गठ्ठे, यादीवर सह्या. महिनाभराने एक बाई मुलाच्या जन्मनोंदीचा दाखला मागायला आली. आमच्या लिपिकाने तिला पंचायत समितीत पाठवलं. तिथून सांगितलं, रजिस्टर नगरपंचायतीला दिलं. तिने अशा तीन फेऱ्या मारल्या, मजुरी बुडवून. चौथ्या वेळी ती माझ्या दारात बसून राहिली तेव्हा मी पेट्या उघडायला लावल्या. रजिस्टर आमच्याच खोलीत, न सोडलेल्या गठ्ठ्यात होतं. चूक आमच्या कचेरीची होती आणि प्रमुख मी होतो. त्या दिवसापासून प्रत्येक ताब्यात मी जन्ममृत्यूची रजिस्टरं आणि नमुना ८ ची कर आकारणी नोंदवही आधी मोजायला लावली.

तेव्हा भावाला सांगा, नोटीस हातात घेऊन आधी त्यावरची मोजमापं बघा. घराची लांबी-रुंदी, पक्कं की कच्चं, स्वतःच्या वापराचं की भाड्याचं. ग्रामपंचायतीच्या काळातला नमुना ८ चा उतारा आणि जुन्या पावत्या घरात असतील, त्या शोधा. नव्या आकारणीत चुका होतात त्या बहुतेक इथेच: पत्र्याची पडवी पक्क्या बांधकामात धरलेली, गोठा खोलीत मोजलेला, दोन भावांचं घर एकाच्या नावावर. नोटिशीत हरकतीची शेवटची तारीख असते. त्याआधी लेखी हरकत द्यायची, आवक क्रमांकाची पोच घ्यायची आणि सुनावणीला स्वतः हजर राहायचं. नगरसेवकाला बरोबर नेलं तरी चालेल, पण कागद आपला हवा. सातबारा आणि फेरफाराचं काम मात्र नगरपंचायतीत होत नाही, ते अजूनही तलाठ्याकडेच आहे. त्यासाठी भावाने चुकीच्या रांगेत दिवस घालवू नये.

वडिलांसाठीही एक काम आहे. विकास आराखड्याचा मसुदा जाहीर होतो तेव्हा नागरिकांच्या हरकती-सूचना मागवतात. भारंगी पूर्वी कुठवर चढायची, कुठला ओढा कुठे मिळायचा, कुठल्या जागेत पाणी तुंबतं, हे वडिलांच्या वयाच्या माणसांना तोंडपाठ असतं आणि आराखडा करणाऱ्याला माहीत नसतं. त्यांनी सांगावं, तुम्ही ते लिहून काढा, गट क्रमांक घालून. अशा एका वृद्धाच्या हरकतीवरून एका गावी आम्ही ओढ्यातला रस्ता सरकवला होता.